रामोस-कंपिआन खटला: सरकारी वकिलाचं चुकलं कुठे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या मेक्सिको सीमेवर गांजाच्या तस्करावर गोळी झाडणाऱ्या बॉर्डर पेट्रोल या सीमा गस्ती दलाच्या दोन कर्मचाऱ्यांना अकरा-बारा वर्षांची कैद झाली आणि तस्कर मात्र सरकारचा साक्षीदार होऊन मोकळा राहिला. हा सरकारी वकिलांचा गैरप्रकार नव्हे का? आणि आपल्याकडे असं होऊ शकतं का?

मी बरीच वर्षं सत्र न्यायालयात सरकारतर्फे खटले चालवले, पुढे बचावाची कामंही केली. हा अमेरिकी खटला मी निकालपत्रं आणि सिनेटच्या सुनावणीसह वाचला आहे. माझं मत आधीच सांगतो. लोकांचा संताप खरा होता आणि त्याला कारणही होतं. पण बहुतेकांनी तो चुकीच्या जागी काढला. खटला भरला म्हणून लोक चिडले, तर तो भरणं भागच होतं. अन्याय झाला तो दोषारोप ठरवताना, एक विशिष्ट कलम लावताना. त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

घटना १७ फेब्रुवारी २००५ ची. टेक्सासमधल्या एल पासोच्या आग्नेयेला, रिओ ग्रांदे नदीलगत फॅबेन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे बॉर्डर पेट्रोलने एका व्हॅनचा पाठलाग केला. चालक ओस्वाल्डो आल्ड्रेटे-डाविला व्हॅन सोडून सांडपाण्याच्या चरातून नदीकडे पळाला. चराच्या पलीकडच्या काठावर बॉर्डर पेट्रोलचा होसे कंपिआन शॉटगन घेऊन उभा होता. त्याने बंदुकीचा दस्ता हाणायचा प्रयत्न केला, तोल गेला आणि तोच पडला. तस्कर पुढे पळत सुटला. कंपिआनने पिस्तुलातून चौदा-एक गोळ्या झाडल्या, एकही लागली नाही. मागून आलेल्या त्याच्या सहकाऱ्याने, इग्नासिओ रामोसने, एकच झाडली, ती डाव्या कुल्ल्यात शिरली आणि मूत्रमार्ग तोडून गेली. तरी तो माणूस नदी ओलांडून मेक्सिकोत गेला. व्हॅनमध्ये ७४३ पौंड, म्हणजे सुमारे ३३७ किलो गांजा सापडला.

दोघांचं म्हणणं असं की पळणाऱ्याच्या हातात काहीतरी चमकलं, आम्हाला पिस्तूल वाटलं. तस्कर म्हणाला, हात रिकामे होते. कोण खरं बोलतं हे त्या मैदानावरच्या तिघांनाच ठाऊक. अशा वेळी अनुभवी सरकारी वकील गोळीबाराच्या क्षणाआधी त्यानंतरचा अर्धा तास तपासतो. माणूस घाबरून गोळी झाडतो तेव्हा पुढे काय करतो? ओरडून सहकाऱ्यांना सांगतो, वायरलेसवर कळवतो, ‘त्याच्याकडे हत्यार आहे, सांभाळा’ म्हणतो. इथे यातलं काही झालं नाही. थोड्याच वेळात वरिष्ठांसह इतर कर्मचारी तिथे जमले. गोळीबाराची खबर ताबडतोब वरिष्ठांना द्यायची हा खात्याचा नियम, पण गोळी झाडल्याचं कोणी सांगितलं नाही. कंपिआनने काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचल्या आणि चरात फेकल्या. उरलेल्या काही दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने गोळा केल्या. गांजा पकडल्याचा अहवाल लिहिला गेला. त्यात गोळीबाराचा उल्लेखच नव्हता.

आपल्याकडच्या कोणत्याही न्यायाधीशासमोर हे ठेवा. पंचनाम्याआधी पुंगळ्या उचलल्या, स्टेशन डायरीत नोंद नाही, आणि आरोपी म्हणतो मी स्वसंरक्षणात गोळी झाडली. बचावाचा वकील म्हणून मला हा खटला कोणी दिला असता तर त्या पुंगळ्यांचं काय करायचं याचीच मला सर्वात जास्त धास्ती वाटली असती. अमेरिकेत पळून जाणाऱ्यावर, त्याच्यापासून जिवाला धोका नसताना, गोळी झाडता येत नाही हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच टेनेसी विरुद्ध गार्नर या निकालात सांगितलं आहे. तो तस्कर होता, हे खरं. पण गोळी झाडताना या दोघांना व्हॅनमध्ये काय आहे हेही माहीत नव्हतं. गांजा नंतर सापडला.

प्रकरण उघडकीस आलं ते ओळखीपाळखीतून. तस्कराच्या घरच्यांकडून गोष्ट अॅरिझोनातल्या एका बॉर्डर पेट्रोल कर्मचाऱ्याच्या कानावर गेली आणि त्याने ती वर कळवली. मग तपास अधिकाऱ्याने मेक्सिकोत जाऊन त्या माणसाला गाठलं. अभयाचं आश्वासन देऊन त्याला अमेरिकेत आणलं, लष्करी रुग्णालयात गोळी काढली. ती रामोसच्या पिस्तुलाची निघाली. मार्च २००६ मध्ये एल पासोच्या ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, दोघांना शस्त्राने हल्ला, नागरी हक्कांचा भंग, पुराव्यात ढवळाढवळ अशा आरोपांखाली दोषी धरलं. खुनाच्या हेतूचा आरोप मात्र ज्युरीने नाकारला. ऑक्टोबरमध्ये शिक्षा झाली: रामोसला ११ वर्षं १ दिवस, कंपिआनला १२ वर्षं.

आता या आकड्यांकडे नीट पाहा. मला वाटतं सगळं प्रकरण या दोन आकड्यांत आहे.

अमेरिकी फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यात ९२४(सी) नावाचं कलम आहे. हिंसक गुन्हा करताना जो बंदूक वापरेल त्याला मूळ शिक्षेच्या वर वेगळी, सक्तीची कैद. गोळी झाडली तर किमान १० वर्षं, आणि ही १० वर्षं मूळ शिक्षेसोबत भोगता येत नाहीत, ती संपल्यावर किंवा सुरू होण्याआधी वेगळी भोगावी लागतात. न्यायाधीशाला त्यात एक दिवसही कमी करता येत नाही. कलम आलं १९६८ मध्ये. उद्देश सरळ होता: चोरी-दरोड्याला निघालेल्याने बंदूक घरी ठेवून जावं. पण बॉर्डर पेट्रोलच्या कर्मचाऱ्याला बंदूक घरी ठेवता येत नाही. ती सरकारने त्याच्या कमरेला लावलेली असते. त्याने तिचा गैरवापर केला तर त्याला शिक्षा व्हावीच, पण ज्या विचाराने हे कलम लिहिलं गेलं तो विचार त्याला लागूच पडत नाही.

रामोसच्या ११ वर्षं १ दिवसातून ती १० वर्षं वजा करा. उरतं १ वर्ष १ दिवस. कंपिआनच्या १२ मधून वजा करा, उरतात २ वर्षं. न्यायाधीश कॅथलीन कार्डोन यांना या दोघांनी जे केलं त्याबद्दल स्वतःच्या विवेकाने जी शिक्षा द्यावीशी वाटली, ती एवढीच होती. आणि तो १ दिवसही सहज लावलेला नाही. फेडरल तुरुंगात चांगल्या वर्तणुकीची सूट एका वर्षापेक्षा जास्त शिक्षा असलेल्यालाच मिळते. बरोबर १ वर्षाची शिक्षा असेल तर पूर्ण भोगावी लागते. म्हणून तिथले न्यायाधीश एखाद्याशी मऊपणाने वागायचं ठरवतात तेव्हा एक दिवस वाढवून देतात. म्हणजे न्यायाधीशांनी आपल्या हातातली शिक्षा होता होईल तेवढी हलकी केली होती. वरची दहा वर्षं त्यांची नव्हती. ती दोषारोप तयार झाला त्या दिवशीच सरकारी वकिलाच्या टेबलावर ठरली होती.

त्याच काळातलं, त्याच सरकारी वकील कार्यालयाचं दुसरं प्रकरण शेजारी ठेवा. टेक्सासमध्येच रॉकस्प्रिंग्ज या गावी एका डेप्युटी शेरिफने (स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने) स्थलांतरितांना घेऊन पळणाऱ्या व्हॅनच्या टायरवर गोळ्या झाडल्या, त्यात एक बाई जखमी झाली. त्यालाही फेडरल कोर्टाने दोषी ठरवलं. शिक्षा: १ वर्ष १ दिवस. त्या शिक्षेत बंदुकीच्या कलमाची दहा वर्षं नव्हती.

तेव्हा माझा मुख्य आक्षेप हा. टेक्सासच्या पश्चिम जिल्ह्याचे यूएस अॅटर्नी, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील, जॉनी सटन यांच्या कार्यालयाला हल्ल्याचा आणि नागरी हक्कभंगाचा आरोप ठेवून खटला चालवता आला असता. दोघे दोषी ठरले असते, नोकरी गेली असती, तुरुंगातही गेले असते. शिक्षा किती हे न्यायाधीशांनी ठरवलं असतं. ९२४(सी) लावल्यामुळे तो अधिकार न्यायाधीशांकडून निघून सरकारी वकिलाकडे आला. सटन यांनी बचावात वारंवार सांगितलं की शिक्षा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ठरवली आहे, आम्ही नाही. कायद्याच्या शब्दात ते बरोबर आहे. पण कलम लावायचं की नाही हे काँग्रेस ठरवत नाही. जुलै २००७ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीत डायॅन फाइनस्टाइन यांनी त्यांना नेमकं यावरच धरलं. फाइनस्टाइन डेमोक्रॅट, सोबत टेक्सासचे रिपब्लिकन जॉन कॉर्निन. सुनावणीनंतर दोघांनी मिळून राष्ट्राध्यक्ष बुश यांना शिक्षा कमी करण्याची विनंती केली.

यात गैरप्रकार म्हणता येईल असं काही आहे का? तांत्रिक अर्थाने नाही, आणि हेच मला जास्त अस्वस्थ करतं. अमेरिकेत सरकारी वकिलाच्या गैरप्रकाराची व्याख्या मुख्यतः काही ठरावीक गोष्टींभोवती फिरते. आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवला तर १९६३ च्या ब्रॅडी निकालाचा भंग. साक्षीदाराशी केलेला सौदा लपवला तर १९७२ च्या जिग्लिओ निकालाचा भंग. खोटी साक्ष माहीत असून वापरली, ज्युरीसमोर पुराव्याबाहेरचं बोलला, वगैरे. अवाजवी कलम लावणं यातल्या कशातच बसत नाही. वर १९७६ च्या इम्ब्लर निकालाने सरकारी वकिलाला खटला चालवण्याच्या कामाबद्दल भरपाईच्या दाव्यापासून पूर्ण संरक्षण दिलेलं आहे. त्यामुळे जे सर्वात जास्त बोचणारं आहे त्याला नियमांत नावच नाही, आणि जे नियमांत आहे ते इथे सिद्ध झालं नाही. अपील कोर्टानेही जुलै २००८ मध्ये मुख्य दोषसिद्धी कायम ठेवली. पुराव्यात ढवळाढवळीचा आरोप तेवढा रद्द केला, कारण खात्याची अंतर्गत चौकशी ही त्या कलमातली ‘अधिकृत कार्यवाही’ होत नाही. त्याने शिक्षेत काही फरक पडला नाही.

आता साक्षीदाराकडे येऊ. संताप सर्वात जास्त इथे होता, आणि इथे बारकावे आहेत.

आल्ड्रेटे-डाविलाला त्या दिवसाच्या गांजाबद्दल अभय मिळालं. त्याशिवाय त्याला साक्षीसाठी आणताच आलं नसतं, तो मेक्सिकोत होता. गुन्हेगाराला अभय देऊन पोलिसाविरुद्ध उभा करणं लोकांना किळसवाणं वाटतं, पण ज्या गुन्ह्याला दुसरा साक्षीदार नसतो तिथे जगभर हेच होतं. सौदा ज्युरीला माहीत होता, उलटतपासात तो उगाळलाही गेला. त्याला सीमा ओलांडण्याचे परवाने मिळाले होते, काही वेळा सोबत कोणी अधिकारी नसताना वापरता येणारे. यावर सिनेटमध्ये कडक प्रश्न विचारले गेले आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही. हा माझ्या मते गंभीर निष्काळजीपणा होता. आणि तो सरकारकडे मोठी भरपाईही मागत होता, म्हणजे साक्षीत त्याचा पैशाचा स्वार्थ होता.

मग ऑक्टोबर २००५. अभय मिळाल्यानंतर काही महिन्यांनी त्याने पुन्हा गांजाचा माल सीमेपार आणल्याचं पुढे आलं. हा माल क्लिंट गावातल्या एका घरात सापडला. खटला उभा राहिला तेव्हा हे सरकारी वकिलांना माहीत होतं. बचावालाही माहीत होतं. बचावाने ते ज्युरीसमोर आणायची परवानगी मागितली, सरकारी वकिलांनी विरोध केला, न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं आणि कागदपत्रं सीलबंद केली. ज्युरीने ज्याची साक्ष ऐकली तो त्यांच्यासाठी ‘एकदाच माल आणणारा’ माणूस राहिला. अखेर ऑक्टोबर २००७ मध्ये त्याच्यावर आरोप ठेवले गेले, त्याने गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २००८ मध्ये त्याला साडेनऊ वर्षांची कैद झाली. तोवर रामोस आणि कंपिआन दीड वर्षाहून जास्त काळ तुरुंगात होते.

ब्रॅडीचा भंग झाला का? नाही, कारण बचावाला माहिती दिलेली होती. ती ज्युरीपासून दूर ठेवल्याबद्दलचा आक्षेप अपील कोर्टानेही फेटाळला. पण सरकारी वकिलाचं कर्तव्य एवढ्यावर संपतं, असं मी मानत नाही. माफीच्या साक्षीदाराचा सरतपास मी घ्यायचो तेव्हा पहिली दहा मिनिटं त्याच्या स्वतःच्या पापांवर घालवायचो: तुझ्यावर आधी कोणते गुन्हे आहेत, या गुन्ह्यात तुझा हात कुठवर होता, सरकारने तुला काय कबूल केलंय, पोलिसांकडून काही मिळालं का. बचावाच्या वकिलाने उलटतपासात ते बाहेर काढण्याआधी मीच काढायचो. त्यात हुशारी होती हे खरं, पण मूळ कारण वेगळं होतं. ज्याच्या शब्दावर आपण दुसऱ्याला तुरुंगात पाठवायला निघालो आहोत, तो माणूस न्यायालयाला पूर्ण दिसला पाहिजे. अभयाच्या छत्राखाली असताना साक्षीदाराने पुन्हा तोच गुन्हा केला असेल, तर तो ज्युरीपासून दूर ठेवण्यासाठी अर्ज करायला माझा हात धजावला नसता. नियमाने परवानगी दिली असती तरीही.

बाकी संतापात बरंच मिसळलेलं होतं. टीव्हीवर, रेडिओवर, काँग्रेसमध्ये दोघे ‘शूर सीमारक्षक’ झाले आणि पुंगळ्यांची गोष्ट कुणी सांगेना. दुसऱ्या बाजूने गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानेही मोठी घाण केली. त्यांच्या लोकांनी टेक्सासच्या खासदारांना सांगितलं होतं की या दोघांनी मेक्सिकन माणसाला गोळी घालायचीच होती अशी कबुली दिली. फेब्रुवारी २००७ मध्ये महानिरीक्षक रिचर्ड स्किनर यांना काँग्रेससमोर मान्य करावं लागलं की ही माहिती चुकीची होती. वकिलांचं हे कृत्य नव्हे, पण लोकांच्या मनात सगळं सरकार एकच असतं, आणि ते तसं मानण्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. त्याच महिन्यात मिसिसिपीतल्या यझू सिटीच्या तुरुंगात रामोसला कैद्यांनी मारहाण केली. पोलीस कैदी म्हणून जाणं काय असतं हे आपल्याकडच्या तुरुंग अधिकाऱ्यांना विचारा.

आता आपल्याकडचं. दोन फरक लक्षात घ्या.

पहिला फरक अभयाचा. अमेरिकेत साक्षीदाराला अभय देणं हा मुख्यतः सरकारी वकिलाचा निर्णय, बऱ्याचदा एका पत्रावर होणारा. आपल्याकडे माफी न्यायालय देतं: जुन्या दंड प्रक्रिया संहितेत कलम ३०६-३०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३४३-३४४. अट एकच, सगळं खरं सांगायचं. अट मोडली तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्याचा खटला उभा राहतो. २६/११ च्या प्रकरणात डेव्हिड हेडलीला १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची व्हिडिओ लिंकवरून साक्ष झाली. तेव्हाही लोक चिडले होते, आणि चिडणं साहजिक होतं. पण माफी भर न्यायालयात, अटींसह, नोंदीवर दिली गेली. माझ्या मते ही पद्धत अमेरिकेपेक्षा चांगली आहे.

पुरावा उघड करण्यात मात्र आपण मागे होतो. सरकारी वकिलाने येनकेन प्रकारे शिक्षा मिळवायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या निकालात स्पष्ट केलं. पण पोलिसांनी जमवलेले आणि दोषारोपपत्रात न जोडलेले कागद आरोपीला कळावेत कसे, हा प्रश्न रेंगाळतच होता. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात अशा कागदांची यादी आरोपीला द्यायची असं सांगितलं गेलं. तालुक्याच्या ठिकाणी अजून ती यादी मागून घ्यावी लागते, आपणहून क्वचितच मिळते. बचावाची कामं करणाऱ्या तरुण वकिलांना माझं सांगणं आहे की पहिल्याच तारखेला त्यासाठी लेखी अर्ज द्या.

दुसरा फरक मोठा आहे. सीमेवर आपल्या जवानाने गोळी झाडली तर प्रकरण बहुधा साध्या न्यायालयात येतच नाही. १९६८ च्या सीमा सुरक्षा दल कायद्याखाली दलाचं स्वतःचं न्यायालय बसतं. ७ जानेवारी २०११ रोजी बांगलादेश सीमेवरच्या काटेरी कुंपणावर फेलानी खातून ही पंधरा वर्षांची मुलगी गोळी लागून मेली आणि तिचा मृतदेह कित्येक तास तारेला लटकत राहिला. दलाच्या न्यायालयाने २०१३ मध्ये आणि फेरविचारात २०१५ मध्ये जवानाला निर्दोष सोडलं. इथे सरकारी वकिलाने जास्त कडक कलम लावलं अशी तक्रार करायला जागाच नाही, कारण जनतेला जाब देणारा सरकारी वकीलच तिथे नाही. रामोस-कंपिआन खटल्यावर चिडणाऱ्या आपल्या मंडळींनी हेही पाहावं. तिथे निदान ज्युरी बसली, साक्षी उघड्यावर झाल्या, तीन ज्युरर नंतर पुढे येऊन म्हणू शकले की एकमत झालं नाही तरी चालतं हे आम्हाला कळलं नव्हतं. न्यायाधीशांनी त्यावर फेरखटला दिला नाही, पण म्हणणं नोंदीवर आलं.

शेवट तुम्हाला माहीत असेल. १९ जानेवारी २००९ रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, बुश यांनी दोघांच्या शिक्षा कमी केल्या आणि मार्चमध्ये त्या संपल्या. दोषसिद्धी मात्र तशीच राहिली. म्हणजे बुश यांनी तुरुंगवास कमी केला, गुन्हा पुसला नाही. मला त्यांचा तो निर्णय पटतो, कारण त्यांनी बंदुकीच्या कलमाची बहुतेक वर्षं काढून टाकली. २२ डिसेंबर २०२० रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. ती मला पटली नाही. गोळीबार लपवणाऱ्यांना माफी मिळाली आणि ज्या कलमाने खरा अन्याय केला त्याला धक्काही लागला नाही. २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याने ९२४(सी) चे काही जाच कमी केले, एकाच खटल्यात हेच कलम अनेकदा लावून २५-२५ वर्षं चढवायची सोय बहुतांशी काढून घेतली. पण गोळी झाडल्याची १० वर्षं तशीच आहेत. कर्तव्यावर सरकारी पिस्तूल बाळगणाऱ्यालाही ती लागू होतात, हा २००८ चा अपील निकाल अजून उभा आहे, आणि ते कलम लावायचं की नाही हे आजही सरकारी वकील एकटाच ठरवतो.